सेल्वीसाठी बेड

आमची पोस्टिंग ईशान्येकडं होती. डोंगर, बांबू आणि चिखल. मी केंद्रीय पोलिसांच्या महिला बटालियनमध्ये हेड कॉन्स्टेबल, सेक्शन माझ्याकडं. सेल्वी माझ्या सेक्शनची वायरलेस ऑपरेटर. मी तंजावूरची, राजवाड्यामागच्या गल्लीतली मराठी बाई. ती पापनाशमची तमिळ पोरगी. त्या सगळ्या कंपनीत इडलीची आठवण काढणाऱ्या आम्ही दोघीच. म्हणून ती मला अक्का म्हणायची.

मी शिकले आठवीपर्यंत. तेव्हा भरतीत तेवढ्यावर घेत होते. ड्यूटी सोपी सांगते. पहाटे उठायचं, रस्ता तपासत चालायचं, मग गाड्या सोडायच्या. बसमधल्या बायकांची झडती आम्ही घ्यायचो. संध्याकाळी परत. रोज तेच.

एका सकाळी पुलाजवळ स्फोट झाला. मी त्या दिवशी पोस्टवर होते, वायरलेस सेटच्या बाजूला. सेल्वीचा आवाज आला.

"चार्ली टू फॉर कंट्रोल. वन कॅज्युअल्टी. सेंड ॲम्ब्युलन्स. ओव्हर."

आवाज अगदी रोजचा. चहा मागवावा तसा. नंतर कळलं, तिच्या स्वतःच्या दंडात लोखंडाचा तुकडा होता. एका हातानं तिनं आमच्याच सेक्शनच्या ललिताची जखम दाबून धरली होती, दुसऱ्या हातात हँडसेट. गोळीबार चालू होता. ॲम्ब्युलन्सला वर यायला फार वेळ लागला. ललिता पुलावरच गेली. सेल्वीनं हात काढला नव्हता. आम्ही जाऊन काढला.

त्यामुळं ती प्यायला लागली असं मी म्हणणार नाही. तिनंही कधी म्हटलं नाही. पुढं वीस-बावीस वर्षं तिनं नोकरी केली, हेड कॉन्स्टेबल झाली, पेन्शनवर घरी आली. लग्न केलं नाही. धाकटा भाऊ मुरुगनच्या घरी राहायची. मीही रिटायर होऊन तंजावूरला आले होते. तिला भेटायला गेले तेव्हा सकाळचे दहाही झाले नव्हते आणि तिच्या तोंडाला वास होता. कॉफीचा टंबलर दोन्ही हातांनी धरला.

मी विचारलं, "किती दिवस?"

"दिवस नका विचारू अक्का. सोडायचं आहे. जागा शोधा."

हे ती स्वतः म्हणाली. कुणी धरून आणलं नाही. माझ्या नजरेत ही गोष्ट पुलापेक्षा कमी नाही. पुरुष प्यायला तर गाव म्हणतं, बिचारा. बाई प्यायली तर गाव काय म्हणतं ते मी इथं सांगत नाही.

आम्ही दारू सोडवायची जागा शोधायला निघालो. पहिली जागा तंजावूरच्या बायपासवर, उंच भिंत, लोखंडी दार. दारातल्या माणसानं मला विचारलं, "नवऱ्याला आणलं का अम्मा? कुठंय?"

सेल्वी म्हणाली, "पेशंट मी."

तो हसला. मग माझ्याकडं बघितलं. मी हसत नव्हते. "लेडीज इल्ले, अम्मा," म्हणाला, "इथं सगळे जेंट्स."

दुसरीकडं फोन केला. नवरा किंवा बाप सोबत राहायला पाहिजे म्हणाले. सेल्वीनं फोन माझ्याकडून घेतला. "बाप मेला, नवरा केलाच नाही. कॉन्स्टेबल पाठवू का दोन?" त्यांनी ठेवून दिला. तिसऱ्या जागी एक मॅडम भेटल्या. चांगल्या बोलल्या, पण बायकांसाठी खोली नाही म्हणाल्या. बसस्टँडवर सेल्वी मला म्हणाली, "अक्का, फोर्समध्ये बायकांना आधी घेत नव्हते. मग घेतलं. इथंही घेतील. तोवर मी जगले पाहिजे एवढंच."

मुरुगन वाईट माणूस नाही. पण त्याला गावात तोंड दाखवायचं होतं. तो म्हणाला, डॉक्टर-बिक्टर पुरे, मारीअम्मन देवीला नवस बोलू. आमच्याकडं तशी रीतच आहे. पिवळं लुगडं नेसायचं, हाताला दोरा बांधायचा, व्रत संपेपर्यंत दारू-मटण बंद. पुष्कळ लोक असंच सोडतात, निदान तेवढे दिवस. सेल्वी तयार झाली. दोरा बांधला आणि त्याच दिवशी सगळं एकदम बंद केलं.

तिसऱ्या दिवशी मुरुगनचा फोन आला. घाबरलेला नव्हता. उलट आनंदात होता. "अक्का, लवकर या. तिच्या अंगात सामी आली आहे, देवी."

मी बस पकडली. घरापुढं चपलांचा ढीग. आत बायकाच बायका, कापूर, कडुलिंबाचे डहाळे. सेल्वी कोपऱ्यात उभी. पिवळं लुगडं हळदीच्या पाण्यानं भिजलेलं. सगळं अंग थरथरत होतं, डोळे कुठंतरी लांब. एक म्हातारी तिच्या पायाशी बसून विचारत होती, "आई, नातीचं लग्न या तै महिन्यात होईल का?"

सेल्वीनं मूठ तोंडाशी नेली. "चार्ली टू फॉर कंट्रोल. वन कॅज्युअल्टी. सेंड ॲम्ब्युलन्स. ओव्हर."

मागची एक बाई हळूच म्हणाली, "मारीअम्मन इंग्लिश बोलते?"

"तिला सगळं येतं," दुसरी म्हणाली.

"होईल म्हणाली की नाही म्हणाली?" म्हातारीनं विचारलं.

मी पुढं गेले. सेल्वीनं मला ओळखलं नाही. जवळ गेले तर ढकललं. मुरुगननं हात धरला तर त्याला भिंतीवर फेकलं. बायका म्हणाल्या, बघा शक्ती. मला दिसत होतं, ती पुलावर आहे. तिथून तिला कुणी ओढून आणणार नव्हतं. मग मी पाठ सरळ केली आणि परेडचा आवाज काढला.

"कंट्रोल फॉर चार्ली टू. लाऊड अँड क्लिअर. ओव्हर."

ती थांबली. मूठ पुन्हा तोंडाशी नेली.

"कंट्रोल, ललिता जिवंत आहे. ॲम्ब्युलन्स कुठंय? ओव्हर."

"गाडी पोचली आहे. तुमच्या मागं उभी. कॅज्युअल्टीला घेऊन या. मूव्ह नाऊ. ओव्हर."

"रॉजर."

ती वाकली. जमिनीवर काही नव्हतं. तिनं ते उचललं, खांद्यावर घेतलं, एका हातानं पाठ सांभाळली. वजन असल्यासारखी वाकून चालली. बायकांनी वाट दिली. बाहेर, बसस्टँडवरून मी केलेली ऑटो उभी होती. तिनं आधी ललिताला बसवलं, मग आपण बसली. मी कडेला टेकले. मधली जागा सोडली.

ऑटोवाल्यानं विचारलं, "अजून कोण यायचं आहे?"

"आली सगळी. चल," मी म्हटलं.

तालुक्याच्या दवाखान्याच्या दारातच तिला फिट आली. दात घट्ट, डोळे वर. तिथं इंजेक्शन दिलं आणि ॲम्ब्युलन्सनं तंजावूरला मोठ्या सरकारी हॉस्पिटलात पाठवलं. खरी ॲम्ब्युलन्स. मी तिचा हात धरून बसले होते.

तिथली डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं विचारलं, "एकदम कुणी बंद केलं?"

मुरुगन म्हणाला, "देवीनं."

"देवीला सांगा, पुढल्या वेळी आधी माझ्याकडं पाठव." मग समजावून सांगितलं. रोज एवढं पिणाऱ्यानं आपल्या मनानं एकदम सोडलं तर फिट येते, नाही ते दिसतं, जीवही जातो. हॉस्पिटलात औषधावर उतरवायचं असतं. मी विचारलं, "बायकांना घेता?" ती म्हणाली, "वरच्या मजल्यावर मानसिक विभाग आहे. बायकांचे बेड आहेत. रिकामे आहेत. कुणी येतच नाही."

माझ्या घरापासून तिथं टाऊन बस जाते. मानसिक म्हणजे वेड्यांचं, म्हणून लोक ते नावच घेत नाहीत. आम्हालाही कुणी सांगितलं नव्हतं.

सेल्वी शुद्धीवर आली. पहिलं विचारलं, "मी काय काय बोलले?"

"रिपोर्ट दिलास. बरोबर दिलास. एक म्हातारी मात्र नातीच्या लग्नाचं विचारत बसली होती."

"म्हातारीच्या नातीचं काय झालं म्हणे?" आणि हसली. मग तोंड भिंतीकडं केलं.

ती बरी होऊन घरी गेली. काही महिन्यांनी परत प्यायली. ते लपवलं नाही. बसनं एकटी आली, पिशवीत दोन लुगडी आणि टंबलर, आणि वर जाऊन डॉक्टरला म्हणाली, "पेशंट आला आहे." त्यानंतर तिनं शेवटपर्यंत थेंब घेतला नाही. आठवड्यातून एकदा यायची, खाली ओपीडीच्या बाकावर बसायची. पदर तोंडावर घेतलेली कुणी बाई दिसली की ओळखायची. बाजूला सरकून जागा द्यायची. उपदेश करायची नाही. कॉफी पाजायची आणि जिना दाखवायची. अशा किती बायका वर गेल्या मी मोजल्या नाहीत. तिनंही नाही.

लिव्हर आधीच गेलेलं होतं. चौथ्या वर्षी ती त्याच हॉस्पिटलात वारली, शुद्धीत. मुरुगननं पापनाशमला अग्नी दिला. घरासमोर पुष्कळ बायका उभ्या होत्या. गावातल्या लोकांना कळेना ह्या कुठल्या. मला कळत होतं.

बटालियनच्या गेटवर शहिदांचा दगड आहे. त्यावर ललिताचं नाव आहे. सेल्वीचं नाही. ते बरोबरच आहे, दगडाचा नियम तसा आहे.

बाकावर आता मी बसते. गुडघे दुखतात, पण बस दारात थांबते. गेल्या महिन्यात कुंभकोणमकडची एक बाई आली, मान खाली. विचारलं, "इथं बायका येतात का?"

मी म्हटलं, "येतात. हेड कॉन्स्टेबल सेल्वी आधी आली. तू तिच्या मागून चल."