फिनेलचा वास

आज रत्नागिरीत बँकेत शिरलो तर फरशी नुकतीच पुसलेली होती. फिनेलच्या त्या वासाने मला आमच्या गावचा सरकारी दवाखाना आठवला.

त्याला बारमाही कुलूप. म्हणूनच वहिनीचं पहिलं मूल हातखंब्याच्या दवाखान्याच्या वाटेवर, जीपमध्येच गेलं. त्यावर आमदारांनी विधानसभेत विचारलं, दवाखाना बंद असतो, हे खरे आहे काय? उत्तराआधी जिल्ह्याचे साहेब बघायला येणार असं कळलं. शिपायाने कुलूप काढलं आणि पहिली बादली घेऊन निघाली ती वहिनीच. म्हणाली, "पावणे येतायत. घाण दिसली तर गावाची अब्रू जाईल."

बायकांनी फिनेल ओतून फरशी घासली, दाराला आंब्याचं तोरण बांधलं. दवाखान्यावर नेमलेला डॉक्टर त्या साहेबांच्याच गाडीतून उतरला आणि त्यांच्याच गाडीतून परत गेला. दोघांनी आमचं कोकम सरबत घेतलं.

पुढे टीव्हीवर मंत्री म्हणाले, "हे खरे नाही. दवाखाना स्वच्छ व सुरू आहे. कारवाईचा प्रश्न उद्भवत नाही." बाकं वाजली.

"उद्भवत नाही म्हणजे काय हो, भावोजी?" वहिनीने मला विचारलं. मी टीव्ही बंद केला.

तेव्हा वाटलं, आम्हाला फसवलं. आता वाटतं, त्यासाठी त्यांना काही करावंच लागलं नाही. फिनेल, तोरण, सरबत, सगळं आमचं होतं. सरकारचं होतं ते कुलूप, आणि ते अजून आहे.