ट्यूबची हवा कोणी काढली?

नोकरीत पुष्कळ केसेस पाहिल्या. बऱ्याच विसरले. तळ्यात सापडलेल्या ट्यूबची केस तेवढी विसरत नाही. नावं मी कुणाचीच लिहीत नाही, कारण ती माणसं अजून लालबागलाच राहतात आणि बाजारात भेटतात.

मी काही मोठी अधिकारी नव्हते. नवरा पोलिसात होता, तो गेला आणि त्याच्या जागी मला घेतलं. शिक्षण सातवी. शिपाई म्हणून लागले आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. बायकांचा जबाब घ्यायचा असला की साहेब मला बोलवायचे. बाई रडायला लागली की पुरुष शिपाई पाणी आणायला पळतात. मी लिहीत राहते.

त्या सोमवारी सकाळी हजेरी चालू असतानाच एक बाई दिराचा शर्ट धरून ठाण्यात आली. घर कोकणातलं, चाळीत दोन पिढ्या गेलेल्या. तिचा नवरा आणि हा दीर, दोघे भाऊ, रविवारी कल्याणच्या पुढे एका तळ्यावर गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, गेले होते. धाकटा घरी परतला. थोरला आला नव्हता.

"तेनाच मारल्यान माझ्या घोवाक!" बाई ओरडत होती. "खोलीसाठी मारल्यान!"

"बाई, खाली बसा," मी म्हटलं. "ओरडून कागदावर काही उमटत नाही."

मिसिंग दाखल केली. दुपारपर्यंत चाळीतल्याच एकाने खबर दिली की शनिवारी नळावर दोघा भावांची जुंपली होती. चाळ पाडून टॉवर होणार, नवी खोली कोणाच्या नावावर करायची यावरून. साहेबांनी भुवई वर केली. मीही केली.

हे लोक मासे कसे धरतात ते आधी सांगते. ट्रकच्या टायरची आतली ट्यूब घ्यायची, फुगवायची, मधल्या भोकात नायलॉनच्या दोरीची जाळी विणायची. त्या जाळीवर माणूस बसतो, पाय पाण्यात सोडतो आणि हातात दोन लहान फळ्या घेऊन वल्हवत तळ्याच्या मध्यावर जातो. काठावरून गळ जिथे पोचत नाही तिथे मोठा मासा असतो. आवाज होत नाही, होडीचं भाडं नाही. ट्यूबला अडकवलेला कमरेचा एक पट्टा, बस्स.

धाकट्याला मी समोर बसवलं.

"दादा म्हणाला तू हो पुढे, मी येतो मागून. म्हणून मी आलो."

"किती वाजता?"

"दहा-साडेदहा."

"आणि त्याचा मोबाईल तुझ्या पिशवीत कसा सापडला?"

तो फरशीकडे बघायला लागला. मी दोन लगावल्या. लपवत नाही, तेव्हा मी लगावायची. तासाभराने बोलला. दोघे आपापल्या ट्यूबमध्ये बसून, पाण्यातच भांडले होते. खोलीवरूनच. थोरला म्हणाला, "तुझ्यासारख्या रिकामटेकड्याच्या नावावर मी संडासपण नाय करणार." धाकटा तणतणत काठावर आला, ट्यूब गुंडाळली आणि रागात दोघांची पिशवी उचलून निघाला. पिशवीत थोरल्याचा मोबाईल, पाकीट, कपडे, डबा.

"हे काल का नाही सांगितलंस?"

"त्याला फोनशिवाय, उपाशी टाकून आलो, हे वहिनीला कुठल्या तोंडानं सांगू?"

मला ते पटलं नाही. एकदा खोटं बोललेला माणूस पुढे खरं बोलला तरी ते खोटंच वाटतं. साहेब म्हणाले, "झालं. उद्या तळं गाळू, बॉडी मिळाली की खुनाचा गुन्हा." मी मान हलवली.

मंगळवारी त्याला घेऊन आमची टीम तळ्यावर गेली. तिथल्या पोलिसांनी पंचांसमक्ष ट्यूब ताब्यात घेतली. पाण्यात गवताला अडकलेली, अर्धी बसलेली. पाणबुडे दुपारभर शोधत होते, काही मिळालं नाही. बुधवारी पुन्हा उतरायचं ठरलं.

ट्यूब आमच्याकडे आली तेव्हा तिची ओळख पटवायची होती. बाई म्हणाली, नवऱ्याने ती भायखळ्याच्या एका पंक्चरवाल्याकडून घेतली होती. बुधवारी सकाळी मी ट्यूब घेऊन त्याच्याकडे गेले. सत्तरीचा माणूस, दुकान म्हणजे एक पेटी आणि पाण्याची टाकी. आयुष्य याच फुटपाथवर गेलेलं. मला बघून त्याने हातातला पाना खाली ठेवला.

"बाई, मी काय केलं?"

"काही नाही केलंस. ही तुझी ट्यूब का, एवढं सांग."

"माझीच. हा पॅच माझा." मग तो ट्यूब फिरवत बसला. मी घाई केली तरी ऐकेना. पंपाने फुगवली, टाकीत बुडवली, चारी बाजूंनी दाबली. एकही बुडबुडा नाही.

"पंक्चर नाही, बाई. हवा काढली आहे."

"कोणी? भावाने?"

"भावाने काढली असती तर व्हॉल्व्हचं टोपण परत लावलं असतं काय? बुडवणारा माणूस टोपण घट्ट पिळत बसतो? हे बघा, कसं बसवलंय. आणि पट्टा नीट सोडलेला, तुटलेला नाही."

"मग?"

"तो बाहेर आला होता, बाई. पाण्यात ट्यूब थंड असते. काठावर उन्हात ठेवली की हवा फुगते आणि ट्यूब फाटते. माझ्याकडून घेतो त्या प्रत्येकाला मी बजावतो, बाहेर पाय ठेवला की आधी थोडी हवा सोड, टोपण लाव, मग विडी पेटव. माती गेली तर व्हॉल्व्ह जातो. ट्यूब वाऱ्याने गेली असेल पाण्यात. माणूस नाही गेला."

मी तिथेच त्याच्या पेटीवर बसले. ठाण्यात फोन लावला. साहेब म्हणाले, "काठावर मारला असेल मग."

"असेल," मी म्हटलं, "पण साहेब, आपण कालपासून पाण्यातच शोधतोय. जमिनीवर शोधलाच नाही कोणी. दवाखाने विचारले का?"

विचारले नव्हते. बायको खून म्हणाली, आम्ही खून धरला. वायरलेसवर संदेश गेला: अनोळखी इसम, वय पंचेचाळीस, अर्धी चड्डी, रविवारपासून.

दोन तासांत उत्तर आलं. तिथल्याच एका सरकारी दवाखान्यात रविवारी दुपारी भाजीच्या टेम्पोवाल्याने एक माणूस आणून टाकला होता. बांधावर पडलेला. लकवा. वाचा गेलेली, खिशात फक्त गळाची डबी. नाव सांगणार कोण? कागदावर "अनोळखी" लिहून त्याला व्हरांड्यातल्या खाटेवर ठेवलं होतं. डॉक्टर म्हणाले, नातेवाईक नाहीत म्हणून मोठ्या दवाखान्यात पाठवायचं अडलं होतं, आणखी उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं.

आम्ही बाईला आणि धाकट्याला गाडीत घालून नेलं. वाटेत ती दिराशी बोलली नाही. खाटेजवळ पोचल्यावर धाकटा पायाशीच उभा राहिला, पुढे जाईना. थोरल्याने डावा हात उचलला आणि त्याला बोट दाखवून काहीतरी पुटपुटला. शब्द कळला नाही, शिवी असावी. धाकटा ढसाढसा रडला. बाईने पदराने आधी नवऱ्याचं तोंड पुसलं, मग दिराला म्हणाली, "उभो काय रवलंस? धर त्येका."

पुढे काही महिन्यांनी थोरला चालायला लागला, काठी घेऊन. खोलीचं काय झालं ते मी विचारलं नाही.

मी धाकट्याकडे जाऊन म्हटलं, "मी तुझ्यावर हात उचलला, चूक झाली." तो म्हणाला, "मॅडम, मीही खोटं बोललो." विषय तिथे संपला. त्यानंतर चौकशीत मी हात उचलला नाही.

मग भायखळ्याला गेले. दुकानापाशी गणवेश दिसताच पंक्चरवाला पुन्हा उभा राहिला.

"आता काय?"

"जिवंत आहे," मी म्हटलं. "तुझ्यामुळे."

"मी काय केलं? ट्यूब बघितली."

त्याने माझ्यासाठी चहा मागवला. शेजारचा भाजीवाला बघत होता, बाई चहा फुकट पिते की काय म्हणून.

लोक विचारतात, केस कशी फोडली? मी नाही फोडली. माझ्याकडे सरकारी शिक्का होता, दंडा होता, खबरी होता, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून एका निर्दोष माणसाला खुनी ठरवलं होतं. त्याचा भाऊ तिकडे बेवारस मरत होता. एका गरीब माणसाला त्याचं काम नीट येत होतं, म्हणून दोघे वाचले. तेव्हापासून मी कुठल्याही केसमध्ये संशयिताआधी त्या वस्तूचा धंदा करणाऱ्या माणसाला विचारायचे. सुताराला, शिंप्याला, कुलूपवाल्याला. त्यांना कोणी विचारत नाही म्हणून ते सांगत नाहीत. त्या सगळ्यांचे उपकार माझ्यावर आहेत. माझ्या निवृत्तीला साहेबांनी शाल दिली आणि हुशारीचं कौतुक केलं. हुशारी कोणाची होती, ते मला माहीत होतं.