काळ्या पिंपांमधलं ऊन

२००४च्या हिवाळ्यात मी अमेरिकेत नोव्हाय इथल्या एका मोटार कंपनीत रेडिएटरवर काम करत होते. इंजिनाची उष्णता लवकरात लवकर बाहेर कशी टाकायची, दिवसभर डोक्यात तेवढंच असायचं.

आमच्या ओळखीच्या एका काकांनी, मूळ नागपूरच्या रिटायर्ड इंजिनिअरनी, बॅकयार्डमध्ये काचेचं ग्रीनहाऊस बांधलं होतं. पहिल्या हिवाळ्यात त्यातला हीटर अखंड चालायचा आणि ऊब काचेतून निघून जायची. काकांना ते बघवेना. त्यांनी ऊन न येणाऱ्या उत्तरेच्या बाजूची काच काढून जाड भिंत घातली आणि तिच्यापुढे पाण्यानं भरलेली काळी पिंपं रचली. दिवसभर पाण्यात ऊन मुरायचं, संध्याकाळी काचेवर आतून जाड पांघरुणं ओढायची. हीटर फक्त कडाक्याच्या थंडीपुरता.

फेब्रुवारीत बर्फाचं वादळ आलं आणि त्यांच्याकडची वीज गेली. पांघरुणं ओढून काका-काकू आमच्या अपार्टमेंटमध्ये राहायला आले. दोन दिवस सूर्य दिसला नाही. बीपासून वाढवलेल्या कढीपत्त्याची आशा काकूंनी सोडूनच दिली होती. काकांना जेवणही फारसं गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडलं आणि रस्ते मोकळे झाल्यावर मीच त्यांना घरी घेऊन गेले. वीज अजून आलेली नव्हती. गुडघाभर बर्फ फावड्यानं उपसला तेव्हा कुठे ग्रीनहाऊसचं दार उघडलं. आत पाऊल टाकताच माझा चष्मा वाफेनं पांढरा झाला. ओल्या मातीचा वास आला. चष्मा पुसून पाहिलं तर दाराजवळचे टोमॅटो काळे पडून लोळले होते. पण त्यांच्या मागे, पिंपांना लागून, कढीपत्ता हिरवागार उभा होता.

काकांनी मला हातमोजा काढायला सांगितला. "पिंपाला हात लावून बघ."

पिंप कोमट नव्हतं, पण बाहेरच्या थंडीपुढे चक्क उबदार वाटत होतं.

"सोमवारचं ऊन आहे हे," काका हळूच म्हणाले.

मी इंजिनिअर होते, यामागचं गणित मला पाठ होतं. तरीही अंगावर काटा आला. तीन दिवसांपूर्वीचं ऊन माझ्या तळहाताखाली होतं, आणि त्यानं एक झाड जगवलं होतं. तिथून हात काढावासाच वाटेना.

काकूंनी मेलेले टोमॅटो उपटायला घेतले. काकांनी पांघरुणं बाजूला सारली आणि आम्ही दोघं बाहेर जाऊन काचेवरचा बर्फ झाडू लागलो.