वाशिष्ठीकाठचा फ्लॅट आणि पायरीपर्यंतचं पाणी

चिपळूणला जायचं मीच ठरवलं. वाशिष्ठीच्या काठावर जुन्या चाळीच्या जागी नवी इमारत उभी राहतेय, हे कुसुममावशीने फोनवर सांगितलं होतं. मावशी निवृत्त शिक्षिका, लग्न केलं नाही, त्याच गल्लीत तळमजल्यावर एकटी राहते. "इथे घर घे गो, सुट्टीला तरी येशील," म्हणाली. पुराचं विचारलं, तर उत्तर ठरलेलं: "आमच्याकडे पायरीपर्यंत आलं होतं फक्त." मोठ्या पुरात दोन दिवसांनी तिचा फोन लागला, तेव्हाही ती हेच म्हणाली होती.

बिल्डरच्या माहितीपत्रात 'नदीकाठचं निवांत जीवन' असं छापलं होतं. निवांत हा शब्द वाचूनच मला संशय आला. समीरला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सुट्टी नव्हती. मी एकटीच निघाले.

स्वारगेटहून सकाळची एसटी पकडा. उंब्रज, पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट. पाच-सहा तास धरून चाला. कोयनानगरला चहा घ्या, वडे मात्र घाट उतरल्यावर. माझ्या शेजारच्या आजोबांनी हा नियम पाळला नाही आणि त्याचं फळ आम्हा दोघांनाही मिळालं.

चिपळुणात उतरले ती सरळ नदीवर गेले. नवी भिंत, निळे कठडे, रंगीत बाकडी, फोटो काढायला गावाच्या नावाची मोठ्ठी अक्षरं. सगळं छान होतं, पण भिंतीपलीकडे नदीतून काढलेल्या गाळाचा ढीग होता आणि त्यावर गवत चांगलं गुडघाभर वाढलेलं. बाजारपेठेत जिकडेतिकडे ताजा रंग. रंग दिसला की मी आधी त्याच्याखाली काय असेल ते बघते. एका कापडवाल्याला विचारलं, "पाणी कुठपर्यंत आलं होतं हो?"

"आता काय त्याचं?" तो म्हणाला. "टॉवेल बघा, नवा माल आहे."

टॉवेल घेतला. उत्तर मिळालं नाही.

मावशीकडे तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं आणि तांदळाची भाकरी तयार होती. जेवताना माझं लक्ष भिंतीकडे गेलं. दिव्यांची बटणं पार डोक्याच्या उंचीवर. कपाट विटांवर चढवलेलं. बाबासाहेबांचा फोटो नवा, आणि जवळजवळ छताला टेकलेला.

"बटणं एवढी वर का गं?"

"शेजारची पोरं येतात शिकायला, बोटं घालतात," मावशी म्हणाली. "भाकरी घे अजून."

दुसऱ्या दिवशी सकाळी होडीतून मगरी बघितल्या. होडी भरेपर्यंत थांबावं लागतं, टोपी न्या, आणि हात पाण्याबाहेर ठेवा. दोन मगरी चिखलात अशा पडल्या होत्या की त्याही सजावटीसाठी आणून ठेवल्यात की काय, असं मला वाटलं. मग बांधकामावर गेले. तिथला सुपरवायझर आता गोड गोड बोलणार, या तयारीनेच.

"खाली घरं नाहीत, ताई," त्याने आधीच सांगितलं. "नुसतं पार्किंग."

"का? पाणी तर पायरीपर्यंतच आलं होतं ना?"

 कंपाउंडच्या जुन्या खांबापाशी जाऊन त्याने हात वर ताणला. तरी पुरेना, म्हणून टाचा उचलल्या. "हे इथवर. आणि समोरचा तळमजला बघा, बाईंचा. आख्खा पाण्याखाली. बाई दोन दिवस गच्चीवर होत्या, सगळ्या बिऱ्हाडांबरोबर. मीही त्याच गच्चीवर होतो." मग त्याने विचारलं, "तुम्ही त्यांच्याच ना? तुम्हाला माहीत नाही?"

ज्याच्यावर संशय घ्यायला मी आले होते, तो एकटाच खरं बोलला होता.

मावशी दारातच तांदूळ निवडत बसली होती. मी समोर बसले. "तू गच्चीवर होतीस?"

तिचा हात सुपातच थांबला. "सांगितलं कोणी?"

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर मला उचलून मुंबईला नाहीतर पुण्याला नेलं असतं तुम्ही. मला इथेच राहायचं होतं." तिने एक खडा वेचून बाहेर टाकला. "आणि खरं सांगू? पायरीपर्यंत आलं म्हटल्यावर कोणी बघायलाही आलं नाही. मला वाटलं होतं, एक तरी येईल. चिखल काढायला शाळेतले जुने विद्यार्थी आले."

"मग मला इथे घर घे का म्हणालीस?"

"तुझं घर वरच्या मजल्यावर असतं, किल्ली माझ्याकडे. पाणी चढलं की मी तुझ्याकडे आले असते." ती सुपाकडे बघून म्हणाली, "खोटं बोलले. चुकलंच माझं."

मला रडू आलं. तिने उठून मला पाणी दिलं.

परतीच्या एसटीत खिडकी मिळाली होती, पण घाट कधी चढलो ते कळलं नाही. घरी पोहोचले तेव्हा समीर माहितीपत्र घेऊनच बसला होता. "काय मग? जागा कशी आहे?"

"चांगली आहे. माणसंही चांगली आहेत. पाणी येतं."

"मावशी तर पायरीपर्यंत म्हणाली होती."

"डोक्याच्या वर होतं," मी म्हटलं. "ती गच्चीवर बसली होती, आणि आपण दोघं इथे होतो. याच सोफ्यावर. तिचा फोन ठेवून आपण म्हणालो होतो, बरं झालं, थोडक्यात सुटली."

समीरने माहितीपत्र मिटलं. घर घ्यायचं की नाही, ते अजून ठरलेलं नाही. मावशीचा फोन आला की मात्र आता आम्ही तिच्या पहिल्या उत्तरावर थांबत नाही.