पुलाचे मधले दोन खांब

मी विम्याच्या ऑफिसात क्लेम तपासते. गाडी कशी ठोकली, गोदामात पाणी कुठून शिरलं, समोरचा माणूस सांगताना नेमकं काय गाळतोय, हे ओळखणं माझं रोजचं काम. वीस वर्षं हेच करतेय. त्यामुळे पुढचं लिहिताना जरा जास्तच लाज वाटते.

इंदूरमध्ये आमचा ग्रुप आहे, हे घडलं तेव्हा पाच जणांचा. सगळे कमावते, घरदार असलेले, आणि सगळ्यांना प्लॅस्टिकच्या विटा जोडून वस्तू बनवायचं वेड. लहान मुलांच्या खेळात एकमेकींत खटकन बसतात त्याच विटा. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी आम्ही डॉक्टरांच्या दवाखान्यावरच्या खोलीत जमतो. डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर, पंचावन्नचे, चार पिढ्यांचे इंदूरकर. माझ्या आईला हा छंद कधीच पटला नाही. "आजोबा महूला फौजेत होते, बाबा टेलिफोनमध्ये, आणि ही एवढी ऑफिसर होऊन खेळणी मांडते," असं ती पाहुण्यांसमोर म्हणते. "आई, खेळणी नाहीत, मॉडेलं आहेत," मी म्हणते. पाहुणे हसतात.

ग्रुपमध्ये विषय एकच, अंतराळ, आणि भांडणही एकच. डॉक्टरांना जुनी, मनानं रचलेली यानं आवडतात. निळी-करडी, पिवळ्या पारदर्शक काचेची, आत हसऱ्या चेहऱ्याचा बोटभर अंतराळवीर. "अरे भिया, जे टीव्हीवर दिसतं तेच बनवायचं तर अपन इथे कशाला बसलोय? त्या यानांना पंख कशाला, कोणी पूछत नव्हतं. बस, उडायचं!"

हे 'भिया', इंदुरी बोलीत भाऊ, म्हणजे आमचा इंजिनिअर. बत्तीस वर्षांचा, पुण्याहून पीथमपूरच्या कारखान्यात नोकरीला आलेला. त्याला सगळं खरं लागायचं. खरं रॉकेट, खरा लाँच टॉवर, तेही मापात. "जिथे हवाच नाही तिथे पंख लावलेलं यान मला बघवत नाही, डॉक्टर. आपलं यान खरोखर चंद्रावर उतरलंय. त्याच्यापेक्षा भारी काय कल्पना करणार तुम्ही?"

"तुझं रॉकेट मस्त आहे, मगर त्यात बसून जावंसं नाही वाटत."

"तुमच्यात बसलो तर गुदमरून मरू."

सुरुवात गमतीत व्हायची, शेवटी दोघांचे आवाज चढायचे. बाकीचे दोघे, बँकेतल्या एक बाई आणि कॉलेजात शिकवणारे एक सर, चहाच्या कपात बघत बसायचे. मला दोघांचंही पटायचं, म्हणून दोघंही माझ्याकडे बघून बोलायचे.

एका हिवाळ्यात एका कॉलेजच्या विज्ञान प्रदर्शनात आम्हाला दोन दिवसांसाठी मोठं टेबल मिळालं. त्यासाठी दर रविवारी जमू लागलो, पण काय मांडायचं यावरून तीन रविवार वाया गेले. डॉक्टर म्हणाले, चंद्रावरची वसाहत, जुन्या पद्धतीची. इंजिनिअर म्हणाला, तसं असेल तर माझं नाव काढा. शेवटी तोडगा मी काढला. डावीकडे पृथ्वी, तिथे इंजिनिअरचा टॉवर आणि रॉकेट. उजवीकडे चंद्र, तिथे डॉक्टरांची वसाहत. आणि मधून, दोघांना जोडणारा, सहा खांबांवर उभा उंच पूल. पूल मी बांधणार. दोघेही लगेच कबूल झाले. घरी जाताना मी स्कूटरवर गुणगुणत होते.

नियम दोन होते, ग्रुपवर लिहून ठरवलेले. गोंद लावायचा नाही, आणि डुप्लिकेट वीट एकही चालणार नाही. अस्सल विटेवर जे गोल उंचवटे असतात, त्या प्रत्येक गुंडीवर बारीक अक्षरात कंपनीचं नाव असतं. डुप्लिकेटची गुंडी कोरी असते किंवा तिच्यावर भलतंच काही असतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिची पकड ढिली असते. एकट्या विटेत ते कळत नाही, चाळीस एकावर एक रचल्या की कळतं. इंजिनिअर याबाबतीत कडक. "एक जरी सापडली तर मी टॉवर उचलून घरी जाईन," त्याने सांगून ठेवलं होतं.

माझं करड्या विटांचं पार्सल वेळेत आलं नाही. आज येईल, उद्या येईल करत प्रदर्शन पाच दिवसांवर आलं. मधले दोन खांब सगळ्यात उंच, दीड हाताचे, आणि नेमक्या त्यांच्याच विटा नव्हत्या. पूल बुटका करता आला असता. तसं ग्रुपवर टाकलं असतं तर कोणी काही म्हटलं नसतं. पण तोडगा माझा होता, आणि सगळे त्या पुलाचंच कौतुक करत होते. राजवाड्याजवळच्या एका दुकानातून मी डुप्लिकेट करड्या विटांची पिशवी आणली. खांबांच्या आत त्या भरल्या, बाहेरून अस्सलचं आवरण दिलं. हातात घेऊन हलवून पाहिलं. किंचित, अगदी किंचित, पिळल्यासारखं व्हायचं. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, असं मी स्वतःला सांगितलं.

शनिवारी सकाळी मांडणी झाली. पूल उभा राहिला आणि बाई टाळ्या वाजवायला लागल्या. इंजिनिअरने खाली वाकून, एक डोळा मिटून सगळे खांब एका रेषेत पाहिले. "जबरदस्त, मॅडम. एक मिलिमीटर पण नाही हललेला."

तेवढ्यात डॉक्टरांनी बॅगेतून टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. ते त्यांचं पहिलं यान होतं. ते शाळेत असताना त्यांच्या मोठ्या भावाने परदेशातून आणलेलं, निळं-करडं, आणि आता मिळत नाही ती पिवळी काच. आम्ही ते त्यांच्या काचेच्या कपाटातच पाहिलेलं होतं, कधी हातात घेतलेलं नव्हतं.

"दीदी, मी रातभर विचार केला," ते म्हणाले. "हे तुमच्या पुलावर ठेवू. बिल्कुल मधोमध. ना त्याच्या बाजूला, ना माझ्या बाजूला."

त्या यानाला पंख होते, तरी इंजिनिअरने हरकत घेतली नाही.

त्या क्षणी तोंड उघडायला हवं होतं. "वजन जास्त होईल," एवढंच मी म्हणाले.

"एवढं मोठं पूल आणि एवढंसं यान. टेन्शन नका घेऊ."

त्यांनी ते ठेवलं. पूल हलला नाही.

शनिवारचा आख्खा दिवस मी पुलाशेजारी उभी होते. लोक यायचे, टेबलाला पोट लावून वाकायचे, मोबाइल पुढे करायचे. टेबलाला जरा कोणी टेकलं की मला ते तळपायात जाणवायचं. जेवायला जा, सर तीनदा म्हणाले. मी गेले नाही. दुपारी चारच्या सुमाराला डावीकडचा मधला खांब मला झुकलेला दिसला. केसभर. मी बोटाने परत सरळ दाबला. बाई हसल्या, "किती जीव लावलाय हो तुम्ही!"

रविवारी आल्या आल्या मी तोच खांब पाहिला. परत झुकला होता, कालच्यापेक्षा जास्त. हॉलमध्ये अजून गर्दी नव्हती. यान उचलून खाली ठेवायला दोन सेकंद लागले असते. कारण काय सांगायचं ते सुचेना, आणि मी सुचायची वाट बघत राहिले. मग दारं उघडली, माणसं आत आली.

बाराच्या आसपास इंजिनिअर टॉवर आणि पुलाच्या मधे वाकला. टॉवरचा निसटलेला एक आडवा हात तो परत बसवत होता. पलीकडून डॉक्टर ओरडले, "अरे, आरामसे, तिथे पूल आहे!" आणि त्याच वेळी डावीकडचा मधला खांब मधोमध दुमडला. आवाज फारसा झाला नाही. आधी पूल खचला, मग यान घसरलं, टेबलाच्या कडेवर आपटलं आणि फरशीवर गेलं.

काचेचे दोन तुकडे झाले होते. एक पंख मुळातून निघाला होता.

डॉक्टर खाली बसले. त्यांनी काच उचलली, दोन्ही तुकडे एकमेकांना लावून पाहिले. मग मान वर करून इंजिनिअरला म्हणाले, "मी बोललो होतो ना."

"माझा हात नाही लागला, डॉक्टर. म्हणजे... नसेल लागला."

"नसेल?"

"कोपर कदाचित. मला कळलं नाही. खरंच कळलं नाही." त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"तुला ती यानं पसंतच नव्हती," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. रुमालात सगळे तुकडे गोळा करून ते हॉलबाहेर निघून गेले.

बघणारे लोक पांगले. इंजिनिअर उभा होता, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. बत्तीस वर्षांचा माणूस, कारखान्यात साठ लोक त्याच्या हाताखाली काम करतात. "सॉरी, मॅडम," तो मला म्हणाला. "तुमचा पूल..."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "असू दे." हे मी म्हणाले. हे दोन शब्द आठवले की अजून अंगावर काटा येतो.

क्लेमवाल्यांना मी विचारते, तेव्हाच का नाही सांगितलंत? ते म्हणतात, मॅडम, तेव्हा सुचलंच नाही. आजवर एकाचंही मी खरं मानलेलं नाही. त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं, परत आले, पाणी प्यायले, सरांशी टॉवरबद्दल काहीतरी बोलले. सगळं सुचत होतं. फक्त ते एक वाक्य तोंडातून बाहेर येत नव्हतं.

इंजिनिअर गुडघ्यांवर बसून माझ्या विटा गोळा करत होता. "राहू दे, मी करते," मी दोनदा म्हटलं. "नाही, मीच करणार," तो म्हणाला. मोठ्या आधी, बारक्या नंतर, असं त्याच्या सवयीप्रमाणे लावत होता. एका विटेवर त्याचं बोट थांबलं. त्याने ती उजेडात धरली, अंगठ्याने गुंडी चाचपली. मग दुसरी उचलली. मग तिसरी.

त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि त्या विटा पँटच्या खिशात टाकल्या. परत खाली वाकून वेचत राहिला. अस्सल डब्यात, कोऱ्या गुंडीच्या खिशात. खिसा फुगत गेला.

मी किती वेळ उभी होते ते सांगता येत नाही. पूल पडल्यापासून दीड तास तरी झाला असेल. मग मी बाहेर गेले. डॉक्टर जिन्याच्या पायरीवर बसले होते, रुमाल मांडीवर.

"डॉक्टरसाहेब, त्याचा हात लागला नव्हता," मी म्हणाले. "मधल्या दोन खांबांत मी डुप्लिकेट विटा भरल्या होत्या. कालपासून खांब झुकत होता. मला माहीत होतं."

त्यांनी विचारलं, "मी यान ठेवलं तेव्हा?"

"तेव्हाही माहीत होतं."

"काच फुटली, छोडो," ते शेवटी म्हणाले. "काच होती, कधीतरी फुटणारच. पण दीदी, तो आत रडत होता आणि तुम्ही बघत होता?"

ते उठले, आत गेले, इंजिनिअरसमोर उभे राहिले आणि सगळ्यांसमोर हात जोडून म्हणाले, "भिया, माफ करना." इंजिनिअरने घाईने त्यांचे हात धरून खाली केले. मग मी जे बाहेर सांगितलं तेच बाई आणि सरांनाही सांगितलं. सर म्हणाले, "अरे, पण सांगायचं ना."

सामान गाडीत भरताना इंजिनिअर आणि मी दोघेच होतो. मी विचारलं, "तू का नाही बोललास? तुझ्यावर आळ होता."

"राग इतका आला होता की भलतंच काही बोललो असतो," तो म्हणाला. "आणि मला बघायचं होतं."

"काय?"

"तुम्ही किती वेळ घेता ते."

त्याने खिसा रिकामा करून त्या विटा माझ्या हातात दिल्या. माझी ओंजळ भरली.

पुढच्या दोन महिन्यांच्या बैठकांना मी गेले नाही. तिसऱ्या वेळी बाईंचा फोन आला, या, म्हणाल्या. गेले. कोणी विषय काढला नाही, पण मी बांधलेली वस्तू आता कोणीतरी उचलून, हलवून बघतं. ते मी मान्य केलं आहे. डॉक्टर माझ्याशी बोलतात, पहिल्यासारखं मोकळं नाही. यान त्यांनी परत जोडलं, काचेवरची भेग तशीच आहे, आणि कपाट आता बंद असतं. नियमही बदलला. डुप्लिकेट चालेल, पण आधी सांगायचं. हा बदल इंजिनिअरने सुचवला, आणि सुचवताना माझ्याकडे बघायचं त्याने टाळलं.

उन्हाळ्यात त्याची बदली पुण्याला झाली. जाताना त्याने टॉवर ग्रुपला दिला. आता डॉक्टर जुन्या यानांबद्दल बोलायला लागले की समोर कोणी नसतं. ते काही वेळ एकटेच बोलतात, मग थांबतात, आणि खोली फार शांत होते. गेल्या महिन्यात ती शांतता मला सहन झाली नाही. "पण डॉक्टरसाहेब, जिथे हवाच नाही तिथे पंख कशाला?" मी विचारलं.

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. मला वाटलं, आता हे उठून जातील.

"अरे दीदी," ते म्हणाले, आणि खुर्ची पुढे ओढली, "ऐका."