आवाज बंद करा, सर

मी सूड घेतला. रागाच्या भरात नाही, पंधरा दिवस आधी ठरवून, पाहुण्याला रीतसर निमंत्रण पाठवून घेतला.

बाभुळगाव तालुक्यातल्या एका शाळेत मी मराठी शिकवायचो. बोंडअळीनं कपाशी खाल्ली त्या वर्षांत दहावीच्या वर्गात दर दोन-तीन महिन्यांनी कुणी ना कुणी सुजल्या डोळ्यांनी परत यायचं, आणि पुस्तकात त्यावर धडा नव्हता. म्हणून शनिवारी खिडक्यांना सतरंज्या लावून मी सिनेमे दाखवू लागलो. ज्यात कुणी मरतं आणि मागे राहिलेले जेवतात, भांडतात, शाळेत जातात, असे. घरी जे बोलता येत नव्हतं, ते मुलं पडद्यावरच्या माणसांच्या नावानं बोलायची.

एक मुलगी मात्र कधी बोलली नाही. तिचे वडील दुसऱ्याच्या कपाशीत फवारणीला गेले होते. औषध अंगावर उडालं, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि चौथ्या दिवशी दवाखान्यात ते गेले.

तेरवी झाल्यावर पुण्याहून एक दिग्दर्शक आला, माहितीपट करायला. मीच त्याला तिच्या घरी नेलं. माझ्या शनिवारच्या वर्गाचं त्यानं एवढं कौतुक केलं की मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो. दिवसभर त्याला हवं-नको ते बघत फिरलो.

चार महिन्यांनी माहितीपट आला. 'मुलांना दाखवा, दुःख समजेल,' अशी सोबत चिठ्ठी. मी आधी एकट्यानं पाहिला. कपाशीचं शेत, रडकं संगीत आणि त्याचा घोगरा आवाज: या माणसानं आत्महत्या केली. साफ खोटं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोन केला तर म्हणाला, "सर, लोकांना तेच पटकन कळतं."

मग मीही गोड झालो. सरपंच, पालक, हार, नारळ, सगळी तयारी केली आणि त्याला सत्काराला बोलावलं. मुलीला आणि तिच्या आईला तो माहितीपट आधी दाखवला. मुलगी म्हणाली, "त्या दिवशी आवाज बंद करा, सर. मीच सांगीन."

सत्कार झाला, पडदा उजळला, मी आवाज बंद केला. ती पुढे येऊन उभी राहिली.

"माहा बाप मराले नव्हता गेला. फवाराले गेलता."

पहिल्या रांगेत, गळ्यात हार घातलेल्या त्या माणसाची मान खाली गेली. मला इतकं बरं वाटलं की मी चक्क हसत होतो. भोग आता, असं मनात म्हणत होतो.

पडद्यावर तिची आई कपाळावरचं कुंकू पुसत होती.

"हे पाहा. बाबा जाऊन तवा वीस दिवस झालते. मायचं कपाळ कोरंच होतं. या साहेबायनं तिले पुन्हा कुंकू लावाले लावलं अन् तीनदा पुसाले लावलं."

बायकांमधून कुणीतरी मोठ्यानं शिवी घातली. दिग्दर्शक उठला आणि हार तसाच गळ्यात घेऊन बाहेर गेला. माझं काम झालं होतं. मी दिवा लावायला बटणाकडे हात नेला, पण तिचं संपलं नव्हतं. ती आता माझ्याकडे बघत होती.

"घरात कुंकू नव्हतं. शेजारून करंडा मागून आणून देला, तो आमच्या सरायनं."