डॉक्टरांच्या माशाचा अर्धवट कोर्स

"पाण्यात मीठ जास्त झालं असेल," डॉक्टर म्हणाले. टाकीतले दोन्ही मासे धापा टाकत होते. मी पंधरा वर्षं माशांवर उपचार करते, पण निदान करायचा मान नेहमी गिऱ्हाईकाचाच.

सदाशिव पेठेतला हा दातांचा दवाखाना. वेटिंग रूममध्ये खाऱ्या पाण्याची टाकी. निळा एंजल फिश दहा वर्षांचा, डॉक्टरांच्या वडिलांचा, नानांचा, जीव की प्राण. नाना रोज खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसत. घरात त्यांचं कोणाशी पटत नसे, माशाशी पटे.

"हा पिवळा कधी आणला?" मी विचारलं.

"पंधरा दिवस झाले."

"आधी वेगळा ठेवला होता?"

"कशाला? टाकी चांगली ऐसपैस आहे की."

झालं. मी बादलीत टाकीइतकंच कोमट गोडं पाणी घेतलं आणि निळ्याला पाच मिनिटं त्यात सोडलं. तळाशी बारीक पांढरे ठिपके पडले. कल्ल्यांवरचे चपटे कृमी, पिवळ्याबरोबर आलेले. मासा कल्ल्यांनी श्वास घेतो, आणि हे महाशय आकड्यांनी तिथेच ठाण मांडतात. खाऱ्या पाण्यातले असल्याने गोड्या पाण्यात फुगून सुटतात.

"आता टाकीत औषध. त्याने कृमी मरतात, अंडी मरत नाहीत. म्हणून दर आठवड्याला एक, असे तीन डोस. मासे बरे दिसले तरी थांबायचं नाही."

"अहो मॅडम, मीही डॉक्टरच आहे."

महिन्याने फोन आला. निळा तळाशी आडवा पडला होता. पहिल्या डोसनंतर मासे छान पोहायला लागले, म्हणून पुढचे दिलेच नव्हते. उगाच केमिकल कशाला, असा विचार.

मी पोचले तेव्हा निळा गेला होता. नाना काचेला हात लावून बसले होते. मला फार वाईट वाटलं.

आतून डॉक्टरांचा आवाज येत होता. कुठल्याशा पेशंटला झापत होते. "दुखायचं थांबलं म्हणून गोळ्या बंद केल्यात? कोर्स पूर्ण करायला काय होतं? शिकलेली माणसं ना तुम्ही?"

नाना उठले. दार उघडून शांतपणे म्हणाले, "जरा बाहेर ये. हेच टाकीसमोर उभं राहून म्हण."

डॉक्टर बाहेर आले. टाकीसमोर उभे राहिले.

पिवळा वाचला. तीनही डोस पहिल्यापासून दिले, नानांनी, स्वतःच्या हातांनी. तेव्हापासून औषध कोणाच्या हाती द्यायचं हे ठरवताना मी डिग्री बघत नाही.